कोल्हापूर-गोवा सायकल टूर, पहिला दिवस: मागं पडायची भीती वाटत असेल तर

भावा, रविवारी पन्हाळा करतोस, 50-60 किमी आरामात होतात, आता डिसेंबरात ग्रुपबरोबर गोव्याला निघालायस, पहिल्याच दिवशी राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करून कणकवली म्हणजे साधारण 110 किमी, आणि आपल्यामुळं सगळे खोळंबतील का ही तुझी धास्ती. पन्हाळा चढणाऱ्याला या रस्त्याचा चढ काही करत नाही. घात होतो तो पहिल्या तासात.

पहाटे रंकाळ्यावर सगळे जमतात, फोटो होतात, अंगात उत्साह असतो आणि पुईखडी मागं पडली की पुढची चार पोरं 28-30 च्या स्पीडनं सुटतात. त्यांच्या मागं अजिबात लागायचं नाही. तुझा रोजचा 20 असेल तर 20 च, शेजारच्याशी बोलता बोलता दम लागला नाही पाहिजे एवढंच बघ. सकाळी कमावलेली दहा मिनिटं दुपारी व्याजासकट जातात. आणि शेवटी एक अनुभवी गडी असतोच, त्याला स्वीप म्हणतात, सगळ्यात मागच्या माणसाच्या मागं राहणं हेच त्यानं घेतलेलं काम, त्यामुळं त्याच्यासमोर संकोच करू नको, गुडघा दुखायला लागला तर लगेच सांग, दहा किमी दाबून धरून मग सांगितलंस तर त्याच्या हातात काही राहत नाही.

खरा वेळ सायकल चालवण्यात जात नाही, थांब्यात जातो. दहा माणसं असतील तर एकाची बाटली भरायची राहते, एकाला निघताना बाथरूम आठवतं, एकाची हवा कमी असते. तू थांब्यावर पोचलास की आधी बाटल्या भर, टायर दाबून बघ, मग बस, आणि लीडरला सांगून बाकीच्यांच्या पाच मिनिटं आधी निघ. स्पीड न वाढवता ग्रुपबरोबर राहायचा याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

हळदी, भोगावतीच्या पट्ट्यात ऊसतोडीचा सीझन असतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, रस्त्यावर पडलेला ऊस, शेतातून आलेला चिखल, वर सकाळचं धुकं, म्हणून मागचा लाल लाईट दिवसासुद्धा चालूच ठेव. एका रांगेत चालवा, पुढच्याच्या चाकाला चाक लावून चालवू नका, पुढच्यानं खड्डा बघितला की ओरडून मागं सांगायचं आणि ते शेवटच्यापर्यंत गेलं पाहिजे.

खाणं. निघताना मिसळ नको, कितीही आवडती असली तरी, कट पोटात घेऊन चढ चढवत नाही. पोहे किंवा इडली खा आणि मग दर पाऊण तासाला भूक लागायची वाट न बघता केळं, राजगिरा लाडू, चिक्की असं काहीतरी. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत ओआरएस.

राधानगरी साधारण 50 किमीवर. तिथून पुढं शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचं पाणी आणि मग दाजीपूरचं जंगल, आपल्या जिल्ह्यातला सायकलवरून बघावा असा सगळ्यात देखणा रस्ता हाच, इथं घाई केलीस तर टूरला येऊन उपयोग काय. गवा दिसला तर लांबच थांबायचं, घंटी नाही, आरडाओरडा नाही, फोटोसाठी जवळ जाणं तर नाहीच, कळप जाईपर्यंत गप उभं राहायचं. माकडांसमोर केळं काढू नको.

फोंडा घाट उतरताना दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवा. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक लावून स्पीड कमी करायचा, वळणात ब्रेक दाबत बसायचं नाही. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर रबर दाबणारे, असतील तर मध्ये एक-दोनदा थांब, सतत दाबून रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, शिवाय हातालाही विश्रांती मिळते.

घाट संपला म्हणजे दिवस संपला असं सगळ्यांना वाटतं, आणि नेमकी तिथंच माणसं गळतात. खाली कोकणचा दमट उकाडा, घाटाखालच्या फोंडा गावापासून कणकवलीपर्यंत छोटे छोटे चढउतार, ऊन तोंडावर. फोंड्यात सावलीत बस, मीठ घातलेलं कोकम सरबत घे, थोडंसं खा, भरपेट मालवणी थाळी मात्र कणकवलीत पोचल्यावरच. संध्याकाळी आधी सायकलिंगची चड्डी धुऊन वाळत घाल, ओली किंवा घामट चड्डी दुसऱ्या दिवशी मांड्या सोलून काढते.

निघायच्या आधी लीडरला थांबे कुठं कुठं, स्वीप कोण आणि बॅकअप गाडी पुढं राहणार की मागं एवढं विचारून घे. दोन ट्यूब स्वतःच्या मापाच्या घे, 700 च्या म्हणजे रोड-हायब्रिड सायकलच्या ट्यूब वाटेतल्या गावात मिळतीलच असं धरून चालू नको, आणि प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व असेल तर अडॅप्टर पण टाक, नाहीतर पंक्चरवाल्याकडं हवा भरता येणार नाही. सायकल कुठली आहे ते लिही, गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, कुठला लागतो ते बघून सांगतो, तो मात्र आत्ताच मागवून ठेवायला लागेल.