विंडोजची स्वस्त की घेण्याआधी

विंडोजची स्वस्त की (म्हणजे ते ॲक्टिव्हेट करायचा कोड) घ्यावी का, आणि जुन्या मल्टिमीडिया सीडी चालवायला नवी की शोधावी का, असं तुम्ही विचारलंत. पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला एवढंच विचारा: ही की रिटेल (सुट्टी विकली जाणारी) आहे, ओईएम (नव्या संगणकासोबत येणारी) आहे, का व्हॉल्यूम (संस्थेला एकत्र दिलेली)? उत्तरात टाळाटाळ दिसली तर तिथूनच परत फिरा. ओईएम की साधारणपणे त्याच मशीनला चिकटलेली असते, मदरबोर्ड बदलला की गेली. व्हॉल्यूम की मुळात एखाद्या संस्थेची, सुट्टी विकायची नसतेच. मी एकदा अशीच घेतली होती. सात-आठ महिने मस्त चाललं, मग एका सकाळी कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज'. विक्रेता तोवर गायब!

घेतलीच असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर', जागा सोडून '/डीएलआय' टाइप करा (अर्थात रोमनमध्ये). येणाऱ्या चौकटीत चॅनल, म्हणजे कीचा प्रकार, लिहिलेला असतो.

आता तुमच्या जुन्या मल्टिमीडिया सीडींबद्दल. त्या ओढीची मला चेष्टा करवत नाही. विनॲम्प या गाण्यांच्या प्लेअरची ती हिरवी आकडेवारी, नाचणाऱ्या पट्ट्या, एन्कार्टा या सीडीवरच्या ज्ञानकोशात तासन्‌तास भटकणं... एन्कार्टा 2009 मध्ये बंद झाला, ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार 2020 च्या अखेरीस संपला. पण अशा प्रोग्रॅमसाठी नवी की शोधत बसू नका. की तपासणारा कंपनीचा ॲक्टिव्हेशन सर्व्हरच बंद असेल तर खरी कीसुद्धा कुचकामी. त्यापेक्षा मूळ सीडी आणि कव्हरवरचा सिरियल नंबर असेल तर डिस्कची आयएसओ प्रत (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) काढा, व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) जुनं विंडोज टाका, त्याचं नेटवर्क बंद ठेवा. फ्लॅशच्या बऱ्याच फायलींना रफल हा फ्लॅश चालवणारा प्रोग्रॅम पुरतो, फुकट आहे. नुसती गाणी ऐकायची, व्हिडिओ बघायचे तर व्हीएलसी प्लेअर. त्याला की लागतच नाही.