‘आम्हाला नव्हतं असलं काही!’

प्रश्न : मी ४९ वर्षांची, नोकरी करते. गेल्या आठ महिन्यांत पाळी दोनदाच आली. मिटिंगमध्ये अचानक छातीपासून कानापर्यंत गरम वाफ चढते, रात्री गाऊन घामाने भिजतो, झोप उडते. सासूबाई म्हणतात, “आम्हाला नव्हतं असलं काही. पाळी गेली, सुटलो! हे सगळे मनाचे खेळ.” अमेरिकेतली बहीण म्हणते, लगेच हार्मोन्सच्या गोळ्या सुरू कर. मी उगाच बाऊ करतेय का?

उत्तर : प्रिय ताई,

नाही, तुम्ही बाऊ करत नाही. आणि सासूबाई खोटं बोलतायत असंही मला वाटत नाही.

त्यांच्या ‘सुटलो’ या शब्दापाशी जरा थांबा. दर महिन्याला चार दिवस बाजूला बसणं, देवघर बंद, लोणच्याच्या बरणीला हात नाही, वर पुन्हा दिवस राहण्याची धास्ती. पाळी गेली आणि हे सगळं एका झटक्यात संपलं. मार्शा फ्लिंट या अमेरिकन अभ्यासक बाई राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत बायकांशी बोलल्या होत्या. पाळी अनियमित होण्यापलीकडे त्या बायकांची फारशी तक्रारच नव्हती, असं त्यांनी १९७५ मध्ये लिहिलं. पाळी गेल्यावर त्यांचा पडदा सुटायचा, पुरुषांच्या बैठकीत बसून बोलता-हसता यायचं. तुमच्या सासूबाईंनाही पाळी जाताना काहीतरी देऊन गेली. तुम्हाला तिने अजून घामच दिलाय, मग तुम्ही कशाला म्हणाल ‘सुटले’?

पण म्हणून हे मनाचे खेळ ठरत नाहीत. मेक्सिकोतल्या युकातानमधल्या माया जमातीच्या बायकांना अंगातून वाफा येत नाहीत, असं त्या सांगत. १९९३ च्या एका अभ्यासात त्यांचं रक्त तपासलं, तर हार्मोन्सची घट अमेरिकन बायकांसारखीच निघाली. घट तीच, अनुभव वेगळा! जपानमध्ये मार्गारेट लॉक या अभ्यासक बाईंना वाफांपेक्षा आखडलेल्या खांद्यांच्या तक्रारी जास्त ऐकू आल्या. या वाफेसाठी जपानीत खास असा एक शब्दही त्यांना सापडला नाही. त्या वयाला तिथे ‘कोनेन्की’ म्हणतात, त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ नवं होणं. अरबीत मात्र त्याच वयाचं रूढ नाव आहे ‘निराशेचं वय’. असं नाव कानावर पडत मोठ्या झालेल्या बाईला ते वय कसं जात असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

शब्द नसला की त्रासही दिसेनासा होतो. माझी आत्या पन्नाशीच्या आसपास ऐन थंडीत मध्यरात्री ओसरीवर जाऊन बसायची. विचारलं की म्हणायची, “उकडतंय गं.” तिलाही कुणी विचारलं असतं, तर ‘मला काही त्रास नव्हता’ असंच ती म्हणाली असती.

आता तुमचं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमाराला जाते, म्हणजे तुमचं सगळं वेळेवर चाललंय. पण ‘होईल कमी’ म्हणून सोसत बसू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या बायकांना त्या सात वर्षांहून जास्त काळ येत राहिल्या. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. हार्मोन्सचा वाफांवर चांगला उपयोग होतो आणि तुमच्या वयात बहुतेकींना ते घेताही येतात. पण स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेला असेल तर नाही. म्हणून बहिणीच्या फोनवर गोळ्या सुरू करू नका. हार्मोन्स नसलेली औषधंही आहेत. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवा.

आणि कुणी ‘पिशवीच काढून टाका’ म्हटलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. पिशवी काढून वाफा थांबत नाहीत. सोबत अंडाशयं काढली तर त्या एकदम येतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या किती पिशव्या ऐन तिशीत गेल्या, ते २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी वाचलंय.

सासूबाईंना मात्र ‘तुम्हाला त्रास व्हायचा का’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येईल. एखाद्या दुपारी शेंगा निवडताना विचारा, “आई, तेव्हा रात्री झोप लागायची का हो?”