विमा कंपनीच्या वतीने दायित्वाचे दावे लढवणारा वकील नेमके काय करतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, दायित्व विम्याच्या, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या विम्याच्या, दाव्यांत विमा कंपनीने नेमलेल्या वकिलाचे काम म्हणजे जखमी माणसाची भरपाई नाकारण्याच्या वाटा शोधणे एवढेच असते का. गेली अनेक वर्षे मी हेच काम करतो आहे. भरपाई पूर्णपणे नाकारावी अशी प्रकरणे माझ्याकडे येतात, पण थोडी. बहुतेक दाव्यांत अपघात झालेला असतो, इजा खरी असते आणि वाद असतो तो चूक कोणाची किती आणि तिचे मोल किती, याचा.

बाहेरून सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आधी सांगतो. माझी फी विमा कंपनी देते, पण दावा असतो तो विमाधारकावर, म्हणजे ज्याच्या दुकानात, कारखान्यात किंवा वाहनामुळे इजा झाली त्याच्यावर, आणि वकीलपत्र मी त्याचे घेतलेले असते. एरवी दोघांचे हित एकच असते. परंतु पॉलिसीतील एखाद्या अपवादावरून विम्याचे संरक्षण लागू आहे की नाही असा वाद उभा राहिला, की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. विमाधारकाने विश्वासाने मला सांगितलेली गोष्ट त्याच्याच विरुद्ध वापरण्यासाठी कंपनीच्या हाती देणे मी विश्वासघात समजतो. अशा वेळी पॉलिसीच्या अर्थाचा वाद दुसऱ्या वकिलाकडे सोपवावा, असे मी कंपनीला लेखी कळवतो.

कामाचा मोठा भाग कागद वाचण्यात जातो. एका दाव्यात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) ओल्या फरशीवरून घसरून एका बाईंचे मनगट मोडले होते. फरशी दर तासाला पुसली जाते, याचा पुरावा म्हणून विमाधारकाने सफाईची नोंदवही दिली. त्या दिवसाच्या पानावरील आठही नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत होत्या, आणि सही करणारा कर्मचारी हजेरीपत्रकानुसार त्यांपैकी दोन तास कामावरच नव्हता. विचारल्यावर ते पान नंतर भरल्याचे कबूल झाले. असा पुरावा न्यायालयापुढे ठेवणे मला शक्यच नव्हते. मी तडजोडीचा सल्ला दिला, कंपनीने तो मानला, आणि त्या बाईंना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नाही. आपल्या बाजूचे कागद मी समोरच्या वकिलाच्या नजरेने वाचतो, ते यासाठीच.

दावेदाराच्या स्वतःच्या चुकीचा मुद्दा मात्र मी आवर्जून मांडतो. बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर या 1809 च्या इंग्लंडमधील खटल्यात रस्त्यात वासा आडवा टाकणारा माणूस पूर्णपणे सुटला, कारण त्या वाशाला अडखळून पडलेला घोडेस्वार भरधाव जात होता. हा निष्ठुर नियम तेथे 1945 च्या कायद्याने गेला आणि दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची पद्धत आली. पुढे फ्रूम विरुद्ध बुचर या प्रकरणात 1975 साली अपील न्यायालयाने सीटबेल्ट न लावणाऱ्यांसाठी प्रमाण घालून दिले: बेल्टमुळे इजा पूर्णपणे टळली असती तर 25 टक्के कपात, बरीच सौम्य झाली असती तर 15 टक्के, आणि काहीच फरक पडला नसता तर कपात नाही. म्हणून 'बेल्ट लावला नव्हता' एवढे सिद्ध करून माझे काम संपत नाही. बेल्ट असता तर हीच बरगडी मोडली असती का, हे डॉक्टरांकडून वदवून घ्यावे लागते.

वैद्यकीय कागदांचेही तसेच. पाठदुखीच्या जुन्या नोंदी सापडल्या की नवखे वकील हरखतात. पण इजा करणाऱ्याने समोरच्या माणसाला तो आहे त्या स्थितीत स्वीकारायचे असते, हे तत्त्व पक्के आहे. आधीच नाजूक असलेली पाठ अपघाताने निकामी झाली, तर तिची जबाबदारी टळत नाही. जे दुखणे अपघात झाला नसता तरी आलेच असते, तेवढेच वेगळे काढता येते.

जखमी माणसाची उलटतपासणी घ्यावी लागते, तेव्हा मी वेदनेबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. पडण्यापूर्वी नजर कुठे होती, पायात काय होते, पुन्हा कामावर कोणत्या तारखेला गेलात, एवढेच विचारतो आणि खाली बसतो.