इंदूरहून गोमुखला फोटो काढायला कधी जावं? आणि बर्फ फोटोत मळकट का येतो?

सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर, डोळे झाकून. मे-जूनमधे बर्फ जास्त मिळतो पण दुपारी ढग येतात, जुलै-ऑगस्टमधे तर दरडींचाच धोका, आणि पावसाने हवा धुवून निघाली की भागीरथीची शिखरं अशी कोरीव दिसतात ना की बास. गंगोत्रीहून साधारण १८ किमी चालायचंय, परमिट लागतं, आणि आपण राहतो साडेपाचशे मीटरवर, तिथे ४००० च्या आसपास, म्हणून गंगोत्रीला एक दिवस थांबाच.

बर्फाचं म्हणाल तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळं मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो, पांढरं जास्त दिसलं की तो एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, कमी करतो, म्हणून एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवून घ्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. मात्र गोमुख जिचं मुख आहे ती गंगोत्री हिमनदी निळीशार असेल असं मनात धरून जाऊ नका, वरून दगडमातीच असते, मी पहिल्यांदा बघून म्हटलं हे काय, खाणच की! बर्फ दिसतो मुखाशी, पण तिथे कडे कोसळतात, लांबूनच झूम करा.

थंडीत बॅटरी पटकन उतरते, जादाची खिशात ठेवा, शेवेच्या पुडीशेजारी.