स्प्रे कॅनने रंगवलेल्या गाडीच्या दाराला चांगली फिनिश कशी आणावी?

तुम्ही लिहिलंय की दाराला पोचा आणि ओरखडे होते, ते पुट्टीने बुजवून तुम्ही अख्खं दार स्प्रे कॅनने रंगवलं. रंग जुळला, पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला, खालच्या बाजूला क्लिअरचे (रंगावरच्या पारदर्शक थराचे) दोन ओघळ आले आणि मधल्या भागावर हात फिरवला की खरखर लागते. आता सगळं काढून पुन्हा करावं का, आणि डब्याने मुळात चांगली फिनिश येते का, असं तुम्ही विचारताय.

येते. मी स्वतःच्या आणि घरच्यांच्या गाड्यांची दारं, मडगार्ड, बंपर डब्यानेच रंगवत आलोय. त्यातलं पहिलं दार हुबेहूब तुमच्या वर्णनासारखं झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेंटर गन वापरतो तेव्हा त्याच्या हाताशी तीन गोष्टी असतात: हवेचा दाब, रंगाचं प्रमाण आणि फवाऱ्याची रुंदी. रंग घट्ट वाटला तर तो थिनर वाढवतो, हवा गरम असेल तर सावकाश उडणारं थिनर घेतो. डब्याला यातलं काहीच नाही. आत भरलंय ते भरलंय, नोझल आहे ते आहे. त्यामुळे गनवर जे स्क्रू फिरवून होतं ते तुम्हाला डब्याच्या तापमानाने, हाताच्या वेगाने, अंतराने आणि दोन हातांमधल्या (म्हणजे थरांमधल्या) थांबण्याने करावं लागतं. तुमचे तीनही दोष यांतल्याच कशात तरी चुकल्याचे आहेत.

खरखर म्हणजे कोरडा फवारा. डबा लांब धरला किंवा हात फार भरभर फिरला, की थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि पत्र्यावर पुडीसारखे बसतात. संत्र्याची साल त्याच्या एक पायरी अलीकडची: थेंब ओले पोचतात, पण एकमेकांत मिसळून सपाट होण्याआधीच आळतात. डबा थंड असला तरी हेच होतं, कारण आतला दाब कमी पडतो आणि थेंब मोठे निघतात. ओघळ त्याच्या उलट. तिथे हात रेंगाळला, किंवा आधीचा थर ओला असतानाच त्यावर पुढचा जाड थर बसला.

म्हणून पहिली गोष्ट, डबा कोमट करा. बादलीत अंघोळीइतकं कोमट पाणी घेऊन त्यात डबा १० मिनिटं उभा ठेवा. उकळतं पाणी, हीटर, शेगडी यांच्या जवळपासही नेऊ नका. आतला वायू ज्वालाग्राही असतो आणि ५० अंश सेल्सियसच्या वर डबा तापवायचा नाही. मग पुसून, आतली गोळी मोकळी वाजायला लागल्यापासून पुढे २-३ मिनिटं हलवा, घड्याळ लावून. गोळी वाजली की झालं असं समजून आपण लगेच मारायला लागतो, पण तळाशी बसलेला रंग तेवढ्याने सुटत नाही. मारता मारता वायू उडत जातो तसा डबा हातातच गार पडतो, फवारा जाडसर होतो. दोन डबे आलटून पालटून वापरले की हा त्रास बराच कमी होतो. आणि संपत आलेला डबा शेवटच्या हाताला घेऊ नका, तो थुंकतो. उरलेला रंग दाराच्या आतल्या कडांना वापरा.

आता पत्रा. इथे मी एक चूक सांगतो, कारण तुमच्या दारावर ती अजून दिसायची असेल. पहिल्या दाराला मी संध्याकाळी प्रायमरचे (रंगाखालच्या अस्तराचे) तीन जाड हात मारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घासून रंग दिला. दार सुंदर दिसत होतं. दोनेक आठवड्यांनी तिरप्या उन्हात बघितलं तर पुट्टीच्या कडेची अख्खी रेषा उमटलेली, आत ८० नंबरच्या सँडपेपरचे चरेसुद्धा मोजता येत होते. डब्यातला साधा प्रायमर आतलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) उडेल तसा आकसतो. तो आकसायच्या आत मी तो सपाट घासला होता, मग तो खाली बसला आणि चऱ्यांचा आकार वर आला. तेव्हापासून प्रायमरचे हात पातळ देतो आणि मध्ये निदान एक पूर्ण दिवस, जमलं तर दोन-तीन दिवस, सोडतो.

पेपरचा क्रम मी असा ठेवतो: पुट्टीला ८० ने आकार, मग १८०, मग ३२०. जुन्या रंगाची पायरी बोटाला अजिबात लागणार नाही इतकी कड लांबवर उतरवत न्यायची. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मऊ फडकं हाताखाली धरून तळवा फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो. प्रायमरवर दुसऱ्याच एखाद्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवायचा आणि ब्लॉकवर (सपाट ठोकळ्यावर) ६०० किंवा ८०० चा वॉटर पेपर लावून पाण्याने घासायचं. जिथे तो रंग शिल्लक राहतो तिथे खळगा आहे, जिथे आधी उडतो तिथे टेकडी. ही एक युक्ती शिकल्यावर माझं काम सर्वांत जास्त सुधारलं. नुसत्या बोटांनी मात्र घासू नका, बोटांच्या रांगा तशाच्या तशा उमटतात. आणि पाण्याने घासल्यावर प्रायमर नीट वाळू द्या. तो पाणी पितो, आणि ते आत राहिलं तर नंतर रंगाला फोड येतात.

उघडा पत्रा दिसत असेल तर पुट्टी पत्र्यावरच भरा, एच प्रायमरवर (पत्र्याला धरणाऱ्या आम्लयुक्त प्रायमरवर) नको. त्यातल्या आम्लामुळे पुट्टी नीट धरत नाही. प्लास्टिकच्या बंपरला रंगाआधी प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर पोपडे सुटतात.

पुसण्यात कंजुषी नको. सिलिकॉनचं पॉलिश कधीकाळी मारलेलं असेल तर त्याचा अंशसुद्धा रंगाला बाजूला ढकलतो आणि गोल गोल खळगे पडतात, त्यांना फिश आय म्हणतात. वॅक्स आणि ग्रीस काढायचं द्रावण एका फडक्याने लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. हे घासण्याआधीही करा आणि नंतरही. आधी नाही केलं तर तेच तेल पेपरने चऱ्यांत घुसवलं जातं. त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला स्पर्श नको.

मास्किंगबद्दल एवढंच की वर्तमानपत्राचा एकच थर पुरत नाही, रंग झिरपतो. दोन थर घ्या. आणि काचेचं रबर टेपने झाकण्यापेक्षा जमेल तिथे पट्टी, हँडल सरळ काढूनच ठेवा.

हवा १८ ते २५ अंशांच्या आसपास, कोरडी, वाऱ्याशिवाय हवी. दमट हवेत सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि क्लिअर दुधाळ होतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मारलं तर वरची साय आधी धरते आणि खालचं सॉल्व्हंट तिला टोचून बाहेर येतं, टाचणीच्या टोकासारखी भोकं राहतात.

आता हात. आधी जाड पुठ्ठ्यावर मारून बघा, आणि पुठ्ठा उभा टेकवून, कारण दार उभंच असतं. अंतर २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे ताणलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत, थोडी जास्तच. फवारा दाराच्या कडेबाहेर सुरू करायचा, पलीकडच्या कडेबाहेर सोडायचा, मध्ये कुठेही बोट सोडायचं नाही. वेग साधारण सेकंदाला एक फूट. मनगट वळवू नका. मनगट वळलं की मधे डबा जवळ येतो आणि टोकांना लांब जातो: मधे ओघळ, कडांना खरखर. अख्खं शरीर सरकवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.

पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसतच राहील. तो झाकायचा मोह होतो, पण तो थर फक्त पुढच्या रंगाला धरायला जागा देतो. १० मिनिटं थांबा. दुसरा हात बऱ्यापैकी भरलेला, पुन्हा १० ते १५ मिनिटं. सॉलिड (मेटॅलिक नसलेला) रंग तिसऱ्या हातात झाकतो, लाल आणि पिवळ्याला जास्त लागतात. मेटॅलिक असेल तर शेवटचा हात थोडा लांबून, विरळ आणि सगळीकडे सारखा द्या. ओल्या थरात अॅल्युमिनियमचे कण तरंगून आडवेतिडवे होतात आणि पट्टा गडद दिसतो, कोरड्यात फिका. वाघासारखे पट्टे त्यामुळेच पडतात. मेटॅलिक बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) मारल्यावर तो घासायचा नाही, कण उघडे पडतात. धूळ बसलीच तर टॅक क्लॉथने (चिकटसर फडक्याने) हलक्या हाताने टिपून घ्या.

क्लिअर हा सगळ्यांत महत्त्वाचा हात, आणि तिथे मी रंगाकडे बघतच नाही. ट्यूबलाइट किंवा लांब दिवा दाराच्या बाजूला असा ठेवतो की त्याचं प्रतिबिंब फवाऱ्याच्या मागोमाग दिसेल. थेंब पडतात तेव्हा प्रतिबिंबाची कड फाटकी असते. ते एकमेकांत मिसळले की कड एकदम सुरीसारखी सरळ होते. तो क्षण आला की पुढे सरकायचं. त्याआधी सरकलात तर साल, त्यानंतर रेंगाळलात तर ओघळ. पहिला हात विरळ, दुसरा मध्यम, तिसरा हा असा ओला. आणि क्लिअर कधीही दाराच्या मध्यावर संपवू नका. पॅनेलच्या कडेपर्यंत किंवा पक्क्या घडीपर्यंत न्या, नाहीतर सांध्याची रेषा कायम दिसते आणि पुढे तिथूनच तो सुटायला लागतो.

डब्यांत दोन प्रकारचे क्लिअर मिळतात. साधा, म्हणजे वनके (1K, एकाच घटकाचा), फक्त सुकतो. पेट्रोल सांडलं तर मऊ पडतो. टूके (2K, दोन घटकांच्या) डब्याच्या तळाशी हार्डनरची वेगळी कुपी असते, ती फोडून मिसळायची. मग तो रासायनिकरीत्या घट्ट होतो, चमक जास्त काळ टिकते, आणि फोडलेला डबा साधारण एक-दोन दिवसांतच वाया जातो. फिनिश टूकेची फार चांगली. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे कुचकामी आहे. मोकळी हवा खेळती असली पाहिजे, डब्यावर लिहिलेल्या दर्जाचा रेस्पिरेटर, डोळ्यांना गॉगल, हातमोजे, अंग झाकलेलं. एवढी सोय नसेल तर कृपया वनकेच वापरा. दार पुन्हा रंगवता येतं, फुप्फुसं नाही.

शेवटी घासणं आणि पॉलिश. टूकेला एक-दोन दिवस, वनकेला निदान आठवडा द्या. मग १५००, २००० आणि ३००० चा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, रबरी ब्लॉकवर. साल गेली की नाही हे पाणी पुसून बघायचं: पृष्ठभाग सगळीकडे सारखा मिणमिणीत दिसला पाहिजे. चमकणारे ठिपके राहिले असतील तर तेवढे खळगे अजून बाकी आहेत. घासताना येणारं पाणी पांढरट दुधाळ आहे तोवर तुम्ही क्लिअरमध्ये आहात. त्यात गाडीचा रंग दिसला की तिथेच थांबा. तुमची गाडी पांढरी असेल तर ही खूण मिळणार नाही, तेव्हा मिनिटामिनिटाला पुसून बघत जा. कंपनीचा क्लिअरसुद्धा जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा पातळ. दाराच्या घडीवर तो आणखी पातळ बसतो, म्हणून घडीवर आधी टेप लावूनच घासा. नंतर रबिंग कंपाउंड, मग बारीक पॉलिश.

आता तुमचं दार. सगळं काढू नका. आठवडाभर तसंच राहू द्या, म्हणजे ओघळाचा गाभा कडक होईल. मऊ ओघळावर पेपर फिरवला तर तो फाटून बाहेर येतो आणि खळगा राहतो. मग छोट्या ब्लॉकवर १००० चा पेपर घेऊन फक्त ओघळाचा माथा काढा, आजूबाजूला टेप लावून. तो सपाट झाला की अख्खं दार ८०० ने पाण्याखाली एकसारखं मिणमिणीत करा. खरखर त्यातच जाईल. कुठे रंग उघडा पडला तर तिथे रंगाचे दोन विरळ हात द्या. नंतर दाराच्या आतल्या कोपऱ्यात नव्या क्लिअरचा एक छोटा फवारा मारून अर्धा तास बघा. सुरकुत्या पडल्या तर खालचा थर अजून कच्चा आहे, आणखी आठवडा थांबा. नाही पडल्या तर वर लिहिल्याप्रमाणे क्लिअरचे तीन हात द्या.

वॅक्स मात्र निदान महिनाभर लावू नका, आतलं उरलंसुरलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वाट हवी. तोवर साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवा. तिसऱ्या हाताला ट्यूबलाइटची कड कशी दिसते ते फोटो काढून इथे टाकलंत तर मी बघून सांगेन.