तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : गाडीच्या अल्टरनेटरवर वेल्डिंग

प्रश्न : जुना ९० ॲम्पिअरचा अल्टरनेटर माझ्या जीपच्या इंजिनावर दुसरा म्हणून बसवलाय, फक्त वेल्डिंगसाठी. रेग्युलेटर काढला, ब्रशला (फिरत्या रोटरला करंट पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांना) बॅटरीचे १२ व्होल्ट थेट दिले, पण इंजिनला कितीही रेस दिली तरी मल्टीमीटर २७-२८ व्होल्टच्या वर जात नाही. रॉड टेकवला की नुसती ठिणगी उडते, आर्क धरत नाही आणि मागून जळका वास येतो. अल्टरनेटर बाद झाला का?

उत्तर : नाही हो, अल्टरनेटर चांगला आहे आणि तुमचं निम्मं काम बरोबर झालंय. अडलंय ते डायोड प्लेटवर, म्हणजे आतल्या एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या पट्टीवर. अलीकडच्या बऱ्याच अल्टरनेटरमधले डायोड साधे नसतात, झेनरसारखे असतात, म्हणजे व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर चढायला लागलं की ते उलट्या दिशेने करंट सोडतात आणि ते दाबून धरतात, गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जळू नये म्हणून बनवणाऱ्याने मुद्दाम केलेली सोय आहे ती. ही मर्यादा साधारण वीस ते तीस व्होल्टच्या पट्ट्यात असते. तुम्ही रेस वाढवता तेव्हा जास्तीची सगळी ताकद त्या डायोडमध्येच उष्णता होऊन जाते, वास त्याचाच. माझ्या पहिल्या प्रयत्नात मीसुद्धा अशीच एक प्लेट जाळली आणि दोन दिवस वायंडिंगमध्ये दोष शोधत बसलो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी आकडे बघा. रॉड वेल्डिंगमध्ये आर्क चालू असताना लागणारं व्होल्टेज साधारण २० अधिक ०.०४ गुणिले ॲम्पिअर इतकं धरतात, म्हणजे ९० ॲम्पिअरला साडेतेवीसच्या आसपास. पण आर्क पेटायला आणि हात जरा हलला तरी टिकून राहायला मोकळं व्होल्टेज, म्हणजे रॉड कुठेही टेकलेला नसतानाचं, ६० ते ८० हवं. तुमचे २८ तिथेच कमी पडतायत.

आता हे ६०-७० व्होल्ट येतात कुठून? अल्टरनेटर काही जन्माने १४ व्होल्टचा नसतो, त्याला १४ वर बांधून ठेवतो तो रेग्युलेटर. रोटरमधल्या फील्ड वायंडिंगचा, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीचा, करंट कमी-जास्त करून तो व्होल्टेज धरून ठेवतो. फील्डला सतत पूर्ण १२ व्होल्ट दिले तर अल्टरनेटरच्या स्वतःच्या ११००-१२०० आरपीएमच्या आसपासच १४ व्होल्ट तयार होतात, आणि फील्ड तेवढंच ठेवून वेग पाचपट केला की मोकळं व्होल्टेजही जवळपास पाचपट. म्हणजे ६००० आरपीएमला ७० च्या घरात, वायंडिंगला हातसुद्धा न लावता.

तेव्हा करायचं असं की आतली डायोड प्लेट पूर्ण बाजूला काढायची, स्टेटरची (बाहेरच्या स्थिर वायंडिंगची) तीन टोकं जाड वायरने बाहेर आणायची (१६ स्क्वेअर एमएम, जमेल तितकी आखूड) आणि बाहेर त्याच कामाचं, पण साध्या डायोडचं थ्री फेज ब्रिज रेक्टिफायर मॉड्यूल लावायचं. १५०-२०० ॲम्पिअरचं घ्या आणि व्होल्टेज रेटिंग ४०० च्या खाली नको, कारण रॉड झटक्यात उचलला की क्षणभर व्होल्टेज उसळी मारतं. ब्रिजमध्ये करंट कायम दोन डायोडमधून जातो, दोन्ही मिळून साधारण २ व्होल्ट खातात, म्हणजे ९० ॲम्पिअरला १८० वॉट उष्णता, त्यामुळे मोठं हीट सिंक आणि वर पंखा लागतोच, नुसतं पत्र्यावर बोल्ट मारून चालणार नाही. जोडण्याआधी मल्टीमीटरने बघून घ्या की स्टेटरच्या तिन्ही टोकांचा बॉडीशी संबंध नाहीये. नसेल तर वेल्डिंगच्या दोन्ही केबल गाडीच्या चेसिसपासून पूर्ण वेगळ्या राहतात आणि तशाच त्या ठेवा, मायनस बॉडीला जोडायच्या मोहात पडू नका.

या सगळ्यात मला सर्वात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. बॅटरीवर रॉड चिकटला तर करंट किती वाढेल याला धरबंध नसतो, अल्टरनेटरचं तसं नाही. स्टेटरची स्वतःची इंडक्टन्स आणि त्याच्याच करंटमुळे फील्डला होणारा विरोध, या दोन्हींमुळे पूर्ण शॉर्ट केला तरी करंट त्याच्या रेटिंगच्या थोडा वर जाऊन थांबतो. मोकळं असताना व्होल्टेज जास्त, भार पडला की व्होल्टेज खाली आणि करंट जवळपास स्थिर, रॉड वेल्डिंगच्या मशीनकडून अगदी हेच हवं असतं आणि इथे ते आयतं मिळतं. शिवाय सहा पोल-जोड्यांचा अल्टरनेटर ६००० आरपीएमला ६०० हर्ट्झ देतो, तिन्ही फेज रेक्टिफाय केल्यावर तरंग ३६०० हर्ट्झचा होतो, त्यामुळे आर्क इतका गुळगुळीत चालतो की पहिल्यांदा लावल्यावर माणूस खूश होऊन जातो.

प्रश्न : ॲम्पिअर कमी-जास्त कसे करायचे? वेल्डिंगच्या केबलमध्येच रेझिस्टन्स टाकू का?

उत्तर : केबलमध्ये काही टाकू नका, तिथे नव्वद ॲम्पिअर वाहतात. फील्डमध्ये फक्त ३ ते ५ ॲम्पिअर असतात, सगळा ताबा तिथूनच ठेवायचा. रोटर साधारण ३ ओहमचा असेल तर त्याच्या सिरीजला ५ ओहम, १०० वॉटचा वायरवाउंड ऱ्हिओस्टॅट (कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स) लावा, फील्ड करंट ४ पासून दीड ॲम्पिअरपर्यंत उतरतो. फील्डच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा जोडा, नाहीतर स्विच बंद करताना वायंडिंगचा झटका स्विचचे पॉइंट खातो. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये ब्रश आणि रेग्युलेटर एकाच तुकड्यात असतात, तिथे तुकडा फेकायचा नाही, आतलं सर्किट तोडून ब्रशला दोन वायरी सोल्डर करून बाहेर काढायच्या.

आणि हे नक्की लक्षात ठेवा, फील्डला करंट गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतूनच द्यायचा, वेल्डिंगच्या आउटपुटमधून कधीच नाही, ७० व्होल्ट गेले तर रोटर जळाला म्हणून समजा. इंजिन बंद असताना फील्ड स्विच चालू राहिला तर रोटर जागच्या जागी तापत बसतो आणि बॅटरी उतरते, म्हणून स्विचजवळ एक लाल दिवा लावा.

प्रश्न : वेगळा अल्टरनेटर बसवायला जागा नाहीये. गाडीचाच अल्टरनेटर चेंजओव्हर स्विच टाकून वापरला तर?

उत्तर : ईसीयू (इंजिनचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट) असलेल्या गाडीत मी हे करू देणार नाही. इंजिन चालू असताना अल्टरनेटर आणि बॅटरीमधली जोडणी तुटली की लोड डंप नावाचा जोराचा झटका येतो आणि तो थेट इलेक्ट्रॉनिक्सवर जातो. त्यात स्विच चुकून अर्धवट फिरला आणि गाडीच्या वायरिंगला ७० व्होल्ट लागले तर दिव्यांपासून कंट्रोल युनिटपर्यंत काय काय जाईल सांगता येत नाही. जुन्या, सगळं मेकॅनिकल असलेल्या डिझेल गाडीत लोक करतात, पण तिथेही इंजिन बंद करूनच स्विच फिरवायचा. जागा कितीही अडचणीची असली तरी दुसऱ्या ब्रॅकेटसाठी धडपड करणं परवडतं.

प्रश्न : इंजिन किती आरपीएमवर ठेवायचं, आणि एक बेल्ट पुरेल का?

उत्तर : क्रँक पुली आणि अल्टरनेटर पुलीचं प्रमाण साधारण अडीचास एक असेल तर इंजिन २४०० वर ठेवलं की अल्टरनेटर ६००० वर जातो. हँड थ्रॉटल मात्र हवाच, एका हातात होल्डर आणि पाय पेडलवर असं वेल्डिंग होत नाही.

बेल्टचं गणित लोक विसरतात. १४ व्होल्टला ९० ॲम्पिअर म्हणजे १२६० वॉट, वेल्डिंग करताना तेवढ्याच ॲम्पिअरला २१०० च्या वर जाता, आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता पन्नास-साठ टक्केच धरली तर पुलीवर जवळपास ४ किलोवॉट, म्हणजे पाच-सव्वापाच हॉर्सपॉवर लागते. ढिला किंवा चकचकीत झालेला व्ही बेल्ट आर्क पेटताक्षणी किंचाळायला लागतो. सहा रिबचा बेल्ट असेल, ताण नीट असेल आणि छोट्या पुलीला त्याचा वेढा भरपूर असेल तर एक पुरतो.

प्रश्न : कोणते रॉड चालतील? स्टार-डेल्टा बदलल्याने फायदा होतो का?

उत्तर : अडीच एमएमचा ६०१३, तो ७० ते ९० ॲम्पिअरला छान चालतो. ७०१८ चालेल, होल्डर प्लसला लावून. सव्वातीनचा रॉड ९० च्या अल्टरनेटरवर ओढाताण करतो, नादाला लागू नका. स्टार आणि डेल्टा म्हणजे स्टेटरच्या तीन वायंडिंगची टोकं एकमेकांना जोडायच्या दोन पद्धती. डेल्टाचा स्टार केला की त्याच वेगाला व्होल्टेज १.७३ पट मिळतं पण करंट ५८ टक्क्यांवर येतो, म्हणजे ९० चे ५२ च उरतात, तेव्हा इंजिनला रेस देऊन भागत असेल तर वायंडिंग उघडू नका.

प्रश्न : सलग किती वेळ वेल्डिंग करता येईल?

उत्तर : एक रॉड संपला की तेवढाच किंवा जास्त वेळ थांबा, आणि थांबताना इंजिन बंद करू नका, फील्ड बंद करून चालू ठेवा, कारण अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो. इंजिन थांबलं की हवा थांबते आणि आतली उष्णता वायंडिंगच्या इन्सुलेशनवर बसते.

प्रश्न : याच मशीनने त्याच गाडीची तुटलेली चेसिस वेल्ड करता येईल का?

उत्तर : करता येते, रानावनात अडकलेल्यांचा मुख्य उपयोग तोच आहे, पण सावकाश. अर्थ क्लॅम्प तुटलेल्या जागेच्या अगदी जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा, नाहीतर करंट बेअरिंग आणि पातळ अर्थ वायरींतून वाट काढतो. इथे इंजिन चालूच ठेवावं लागतं म्हणजे बॅटरी काढता येत नाही, त्यामुळे ईसीयूवाल्या गाडीत हे टाळा, दुसऱ्याच्या गाडीवरून केबल आणा आणि आपल्या गाडीची बॅटरी सोडवून ठेवा. डिझेलची टाकी, पाइप आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते आधी खाली झोपून बघा, ओलं पोतं आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. चाकांना उटी (अडवणारे ठोकळे) लावा, गिअर न्यूट्रलला. १० किंवा ११ नंबरची काच, कोरडे चामडी हातमोजे, आणि ओल्या जमिनीवर गुडघे टेकून काम करायचं असेल तर खाली कोरडी फळी, कारण ७० व्होल्ट डीसी ओल्या अंगाला चांगलाच लागतो.