नागपूरजवळ गावात टॅकलचं (मासे धरायच्या सामानाचं) दुकान टाकायचंय, ट्राउट माशाच्या फ्लाय फिशिंगचा माल ठेवू का?

भाऊ, नको ठेवू. ट्राउटले थंड, वाहतं पाणी लागते, २० डिग्रीच्या वर गेलं की तिचा जीव घुसमटते, अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर. युरोपात समुद्राजवळच्या नद्यांत जी सी ट्राउट येते ती खरं तर ब्राउन ट्राउटच, समुद्रात खाऊन मोठी होते अन् अंडी द्यायले नदीत परतते, पण आपल्या कोकणच्या नद्यांतही ती नाही बरं का, ट्राउट पाहायची तर काश्मीर नाहीतर हिमाचलची तीर्थन नदी.

फ्लायमध्ये गळाले पिसं-धागा गुंडाळलेला असते, वजन काहीच नसते, जड असते ती लाइन (दोरी), म्हणून रॉड अन् रील वेगळेच लागतात आणि महागही पडतात. असा सेट माझ्या दुकानात २ वर्षं धूळ खात होता, शेवटी हिमाचलले जाणारा एक गिऱ्हाईक पडत्या भावात घेऊन गेला.

इथं खपते काय तर तंगूस, गळ, शिसं अन् मरळसाठी रबरी बेडूक. बेडूक पाण्यावरून टपटप ओढत आणला की मरळ असा झडप घालते की हात हलतो! रोहू-कतलावाले कणकेची गोळीच लावतात, त्याइले फॅन्सी लूर (नकली आमिष) विकायले जाऊ नको.

अन् हो, तलाव बहुतेक मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असतात, पेंचच्या जंगलात तर गळ टाकायचाच नाही. गिऱ्हाइकाले हे आधी सांगत जा, नाहीतर तो पकडला गेला की भांडायले तुझ्याच दुकानात येते.